सर्व्हरचं घड्याळ चुकलंय? आधी फरक मोजा, मग हात लावा

रात्री पावणेअकराला फोन आला. एका पतसंस्थेत नवा लिनक्स सर्व्हर बसवून दोन महिने होत आले होते. गेले दोन-अडीच आठवडे लॉगिनचा ओटीपी कधी चालायचा, कधी नाही. आज कुणाचाच चालेना. ॲप दोनदा रीस्टार्ट करून झालं होतं, डेटाबेस एकदा.

"शेजारी मोबाइल धरा आणि डेट कमांड मारा," मी म्हटलं.

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "सर, हा दीड मिनिट मागे आहे. थांबा, लगेच सेट करतो."

"सेट करू नका!" हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण घरातले उठले.

हाताने वेळ बसवली की ओटीपी चालू होतो, सगळे झोपायला जातात आणि दोन महिन्यांनी तोच फोन पुन्हा येतो. शिवाय 'दीड मिनिट मागे' हा एकमेव धड पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकता. घड्याळ किती चुकलंय आणि कसं चुकलंय, यातच बहुतेक वेळा ते का चुकलं याचं उत्तर असतं.

पुढचं सगळं लिनक्स आणि क्रोनी (इतर सर्व्हरांकडून वेळ घेऊन घड्याळ जुळवत राहणारी सेवा) धरून लिहितो. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

पहिली पायरी: काहीही न बदलता मोजा

'क्रोनीसी ट्रॅकिंग' मारा. त्यात 'सिस्टिम टाइम' नावाची ओळ असते आणि बरेच जण तिथेच फसतात. त्या सर्व्हरवर तिथे 'शून्य सेकंद फास्ट' असं दिसत होतं. दीड मिनिट मागे असलेलं घड्याळ, आणि फरक म्हणे शून्य! ही ओळ क्रोनीच्या स्वतःच्या अंदाजाशी तुलना करते, आणि कुणाकडूनच उत्तर आलेलं नसेल तर अंदाजच नसतो, म्हणून शून्य. खरं काय ते त्याच पडद्यावर इतरत्र लिहिलेलं असतं: 'रेफरन्स आयडी' सगळे शून्य, 'रेफ टाइम' १ जानेवारी १९७०, आणि शेवटच्या ओळीत 'लीप स्टेटस: नॉट सिंक्रोनाइज्ड'. मी तर आधी शेवटचीच ओळ वाचतो. ती 'नॉर्मल' नसेल तर वरचे आकडे बघण्यात अर्थ नाही.

स्वतंत्रपणे मोजायचं तर: क्रोनीडी -क्यू -टी ५ 'सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी आयबर्स्ट'. यातला क्यू मोठ्या लिपीतला हवा. मोठा क्यू फक्त फरक सांगतो आणि 'इग्नोर्ड' म्हणून सोडून देतो. छोटा क्यू घड्याळ खरोखर बदलतो. एका शिफ्ट कीचा प्रश्न आहे, सांभाळा.

एनटीपीच (जाळ्यावरून वेळ विचारण्याचा प्रोटोकॉल) बंद असेल तर हेही चालणार नाही. अशा वेळी 'कर्ल -आय' (पुन्हा मोठ्या लिपीतला आय) वापरून एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचं हेडर मागवा. त्यातल्या 'डेट' ओळीत ग्रिनिचची वेळ असते. तिची 'डेट -यू'शी तुलना केली की सेकंदाच्या आसपास अचूक फरक मिळतो. रोगनिदानाला तेवढं पुरे.

दुसरी पायरी: आकडा वाचा

काही मिलीसेकंदांचा फरक म्हणजे आजार नाही. इंटरनेटवरून वेळ घेताना तेवढं चालायचंच. एनटीपी असं गृहीत धरतं की निरोप जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला लागला. फेरीला ६० मिलीसेकंद लागत असतील आणि जाण्या-येण्याचे रस्ते वेगळे असतील, तर ३० मिलीसेकंदांपर्यंतची चूक कुणाला कळणारसुद्धा नाही.

फरक नेमका १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास असेल तर जाळं तपासत बसू नका. हा आपल्या भारतीय वेळेचा शिक्का आहे. आता 'डेट -यू' बघा. ती बरोबर असेल तर घड्याळ ठीकच आहे, फक्त टाइमझोन चुकलाय; 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता' केलं की काम झालं. एनटीपीला टाइमझोन हा प्रकार माहीतच नसतो, ते नेहमी यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेत बोलतं. पण 'डेट -यू'च साडेपाच तासांनी चुकत असेल, तर मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेवर चालतंय आणि लिनक्स त्याला यूटीसी समजतंय. ज्या मशीनवर आधी विंडोज होतं तिथे हे हमखास सापडतं.

फरक वर्षांचा असेल, म्हणजे सर्व्हर चालू केल्यावर २००० साल किंवा बायोस बनल्याची तारीख दिसत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी गेली आहे. नाण्यासारखी असते, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळते. मात्र याचा एक विचित्र उपद्रव आहे. तारीख इतकी चुकली की टीएलएस सर्टिफिकेटं (सर्व्हरांची ओळखपत्रं) 'अजून वैध नाहीत' ठरतात, आणि डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची सही तपासली जात असेल तर नावांचे पत्तेही मिळत नाहीत. म्हणजे वेळ चुकली म्हणून नाव सापडत नाही, आणि नाव सापडत नाही म्हणून वेळ मिळत नाही. अशा मशीनच्या कॉन्फिगमध्ये निदान एक वेळेचा सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने लिहून ठेवा.

फरक रोज थोडा थोडा वाढत असेल, तर मशीनचं कुणाशी बोलणंच चालू नाही. सर्व्हरमधला स्फटिक आपल्या मनगटावरच्या घड्याळातल्या स्फटिकाच्याच जातीचा. दिवसाला सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे होणारच. हे पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांश भागांत मोजतात. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलीसेकंद, २० पीपीएम म्हणजे साधारण पावणेदोन सेकंद. आता त्या पतसंस्थेचे ९० सेकंद घ्या. पावणेदोनने भागले तर पन्नासेक दिवस येतात, आणि सर्व्हर उभा करून दोन महिने होत आलेले. हे संध्याकाळी काही बिघडलेलं नव्हतंच. पहिल्या दिवसापासून हा सर्व्हर एकटाच चालत होता.

ओटीपीचा लपंडावही यातूनच सुटला. ओटीपी ३० सेकंदांच्या खिडक्यांवर चालतो. त्यांच्या ॲपमध्ये दोन खिडक्या मागे-पुढे चालायची सवलत होती. ६० सेकंदांपर्यंत कुणाला काही कळलं नाही, ६० ते ९०मध्ये कधी लागायचा कधी नाही, आणि ९० ओलांडल्यावर दार बंद. घड्याळ चुकल्याच्या तक्रारी अशाच दुसऱ्याच नावाने येतात. कर्बेरॉस (विंडोज डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी पद्धत) साधारणपणे ५ मिनिटं सहन करतं. फरक त्यापुढे गेला की विंडोज डोमेनमध्ये 'पासवर्ड चालत नाही' अशी ओरड सुरू होते, आणि पासवर्डचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

तिसरी पायरी: घड्याळ नक्की कुणाच्या ताब्यात आहे?

'सिस्टिमसीटीएल' मारून वेळेची चालू सेवा कोणती ते बघा. रेड हॅट घराण्यात आवृत्ती ८पासून जुनी एनटीपीडी काढून टाकली आहे, तिथे क्रोनीच. उबुंटूवर बरीच वर्षं सिस्टिमडी-टाइमसिंकडी असायची. तीच असेल तर 'टाइमडेटसीटीएल टाइमसिंक-स्टेटस' हा तिचा आरसा. दोन सेवा एकदम चालू दिसल्या तर एक बंद करा. दोघींनी एकच घड्याळ ओढायला घेतलं की फरक कधी पुढे, कधी मागे असा झुलत राहतो.

कंटेनरच्या आत वेळ दुरुस्त करायला जाऊ नका. त्याला स्वतःचं घड्याळ नसतं, यजमान मशीनचंच असतं. व्हर्च्युअल मशीनचं तसं नाही. तिथे घड्याळ स्नॅपशॉट परत आणल्यावर किंवा मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवल्यावर उडी मारतं. व्हीएमवेअर टूल्समध्ये नियमित वेळजुळणी बंद ठेवली तरी अशा प्रसंगी एकदा वेळ बसवली जातेच, म्हणून यजमानाचं घड्याळही नीट हवं. त्याकडे फार कमी लोक बघतात.

चौथी पायरी: 'क्रोनीसी सोर्सेस' वाचायला शिका

या एका पडद्यावर माझा जास्तीत जास्त वेळ जातो. एका ओळीत वेळेचा एक सर्व्हर, म्हणजे एक स्रोत असतो आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन चिन्हं असतात. त्यातलं दुसरं महत्त्वाचं. तारा (*) म्हणजे सध्या याचंच ऐकतोय. अधिक (+) म्हणजे याचंही मत धरतोय. उणे (-) म्हणजे माणूस बरा आहे, पण आत्ता गरज नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे उत्तर येत नाही किंवा अजून भरवसा नाही. आणि फुली म्हणजे हा बाकीच्यांपेक्षा वेगळंच काहीतरी सांगतोय.

मग 'रीच' हा रकाना. इथे ३७७ दिसलं की उत्तम, पण ते तीनशे सत्त्याहत्तर नव्हे. शेवटच्या आठ प्रश्नांपैकी कोणत्यांना उत्तर आलं याची ती नोंद आहे, अष्टमान पद्धतीत (फक्त ० ते ७ हे अंक वापरून) लिहिलेली. आठही आली तर ३७७. ३७६ असेल तर फक्त शेवटचं उत्तर हुकलं. १७ म्हणजे शेवटची चार आली, त्याआधीची नाहीत. सेवा नुकतीच चालू केली असेल तर हेच दिसायला हवं. आकडा सारखा बदलतोय पण ३७७ला पोचत नाही, तर पाकिटं (जाळ्यावरून जाणारे डेटाचे तुकडे) वाटेत गळताहेत. आणि शून्य म्हणजे एकही उत्तर नाही.

त्या रात्री चार ओळी होत्या. चारही प्रश्नचिन्हं, चारही 'रीच' शून्य. चार वेगवेगळे सर्व्हर एकदम मुके होत नाहीत, म्हणजे दोष आपल्याच दारात होता.

स्रोत दोनच ठेवले असतील तर आणखी एक घोटाळा होतो. दोघांत मतभेद झाला तर खोटं कोण बोलतंय हे ठरवणार कसं? क्रोनी बहुमत नाही म्हणून दोघांनाही बाजूला करतं. तीन असतील तर एकाची चूक पकडता येते. चार ठेवा, म्हणजे एक बंद पडला तरी तीन उरतात.

पाचवी पायरी: पाकीट जातंय का, येतंय का?

टीसीपीडंप -एन -आय एनी यूडीपी पोर्ट १२३. हे चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत 'क्रोनीसी बर्स्ट ४/४' मारा. काहीच दिसलं नाही तर पाकीट मशीनमधूनच बाहेर पडत नाही: सर्व्हरच्या नावाचा पत्ता मिळत नसेल किंवा मशीनचीच फायरवॉल अडवत असेल. जाणारी पाकिटं दिसतात, येणारी नाहीत, तर अडथळा पुढे आहे. आमच्याकडे हेच होतं. चार गेली, शून्य आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्क बघणाऱ्या मुलाला फोन लावला.

"सर, १२३ ओपन आहे. मी स्वतः केलाय."

"तपासलास कसा?"

"टेलनेटने. राउटरच्या आत कनेक्ट होतंय."

टेलनेट बोलतं टीसीपीवर. एनटीपी चालतं यूडीपीवर. पोर्टचा आकडा एकच असला तरी हे दोन वेगळे प्रोटोकॉल. पोराने नियम मनापासून लिहिला होता, फक्त त्यात टीसीपी निवडलं होतं, आणि तपासताना पुन्हा टीसीपीनेच तपासलं होतं. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता 'पोर्ट उघडा आहे' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न 'कुठल्या प्रोटोकॉलचा?' हाच विचारतो.

याच घरातली दुसरी चूक: नियमात 'निघताना पोर्ट १२३, पोचताना पोर्ट १२३' असं लिहिलेलं असतं. जुनी एनटीपीडी १२३मधूनच निघायची, म्हणून ते चालून जायचं. क्रोनी दर वेळी वेगळ्या, उंच क्रमांकाच्या पोर्टातून विचारतं. म्हणून निघण्याचा पोर्ट कोणताही चालेल असं लिहा, पोचण्याचा तेवढा यूडीपी १२३ ठेवा. बाहेरून आत येणारा १२३ मात्र जगाला उघडू नका. एनटीपी सर्व्हरांचा वापर करून दुसऱ्यावर पाकिटांचा मारा करण्याचे प्रकार २०१३-१४मध्ये जगभर झाले आहेत.

सहावी पायरी: वेळ कुणाकडून घ्यायची?

भारतात हा आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. सर्ट-इनच्या (देशाची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरांशी, नाहीतर त्यांच्याशी नातं दाखवता येईल अशा सर्व्हरांशी जोडायची आहेत. ज्यांचा पसारा अनेक देशांत आहे त्यांना दुसरा अचूक स्रोत चालतो, पण त्याची वेळ या दोघांपासून ढळता कामा नये. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या याच प्रयोगशाळेकडे आहे. एनआयसीचे सर्व्हर समय१ आणि समय२ या नावांचे आहेत, पुढे एनआयसी.इन.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर असाल तर तिथला १६९.२५४.१६९.१२३ हा पत्ता मशीनला अगदी जवळचा, बाहेर जावंच लागत नाही. फक्त एक पथ्य पाळा. गूगल आणि ॲमेझॉनचे वेळेचे सर्व्हर लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला मधूनच घातलेला जादा सेकंद) एकदम न देता दिवसभरात पसरून देतात, बाकीचे बहुतेक तसं करत नाहीत. दोन्ही प्रकार एका कॉन्फिगमध्ये मिसळले तर त्या दिवशी ते एकमेकांशी भांडतील. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ला पहाटे '५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद' असा जादा सेकंद म्हणून आला होता. २०१२च्या लीप सेकंदाने लिनक्स कर्नलमधला एक दोष उघडा पाडला आणि कितीतरी सर्व्हरांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसले. ही पद्धत २०३५पर्यंत बंद करायचं २०२२मध्ये ठरलंय, पण तोवर पथ्य पाळलेलं बरं.

सातवी पायरी: आता दुरुस्ती

दोन मार्ग आहेत: उडी किंवा सरकवणं. एनटीपीडी सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलीसेकंद सरकवते. त्या वेगाने ९० सेकंद भरून काढायला ५० तास लागतील. क्रोनीची मूळ मर्यादा खूपच सैल, बारा सेकंदांत एक सेकंद. म्हणजे हेच काम १८ मिनिटांचं.

मागे असलेलं घड्याळ उडी मारून पुढे नेलं तर सहसा फारसं बिघडत नाही. पुढे गेलेलं मागे ओढलं की तोच मिनिट दुसऱ्यांदा येतो: आधी झालेल्या व्यवहारावर नंतरची वेळ पडते, वेळेवरून क्रम लावणारे प्रोग्राम गोंधळतात. डेटाबेस चालू असताना ते करू नका. सरकवा, किंवा डेटाबेस थांबवून उडी मारा.

इथे एक सापळा आहे. बहुतेक वितरणांच्या क्रोनी कॉन्फिगमध्ये 'मेकस्टेप १.० ३' अशी ओळ असते. अर्थ असा की सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एक सेकंदाहून मोठा असेल तर उडी मार. आमच्या सर्व्हरवर क्रोनी दोन महिने चालू होतं, पण दुरुस्ती एकही झाली नव्हती. म्हणजे फायरवॉल उघडल्या क्षणी, भर कामकाजात, उडी बसली असती. म्हणून आधी ती ओळ बंद करून क्रोनी रीस्टार्ट केलं, मगच त्या मुलाला नियम बदलायला सांगितला. 'रीच' १, ३, ७ असं चढत गेलं, पहिल्या ओळीवर तारा उमटला आणि 'सिस्टिम टाइम'चा आकडा नव्वदवरून खाली यायला लागला. चहा होईपर्यंत शून्यावर आला. मग ओळ पुन्हा चालू केली. पुढच्या रीस्टार्टला ती हवीच असते.

कॉन्फिगमध्ये 'आरटीसीसिंक' आहे ना ते बघा. त्यामुळे कर्नल दर ११ मिनिटांनी मदरबोर्डवरचं घड्याळ जुळवत राहतं. 'ड्रिफ्टफाइल'ची ओळही हवी. स्फटिक किती चुकतो ते त्यात साठतं, आणि पुढे कधी जाळं तुटलं तरी क्रोनी त्या हिशोबाने घड्याळ सावरून धरतं.

एका इमारतीत दहा-वीस सर्व्हर असतील तर सगळ्यांना बाहेर पाठवू नका. दोन-तीन मशीनना बाहेरून वेळ घेऊ द्या, त्यांवर 'अलाव'मध्ये आपल्या जाळ्याचा पत्ता लिहा आणि बाकीचे त्यांच्याकडे वळवा. क्रोनी 'अलाव' लिहिल्याशिवाय कुणालाही उत्तर देत नाही, त्यामुळे 'आतला सर्व्हर चालू आहे पण रीच शून्य' दिसलं तर आधी तिथेच बघा.

देखरेखीत दोन गोष्टी घाला: 'लीप स्टेटस' नॉर्मल नसेल तर इशारा, आणि फरक १०० मिलीसेकंदांपुढे गेला तर इशारा. 'सेवा चालू आहे' एवढंच तपासू नका. आमच्याकडे सेवा पंचावन्न दिवस अखंड चालू होती.

पंचावन्न हा आकडा नंतर नक्की झाला. वेळ स्थिरावल्यावर 'फ्रीक्वेन्सी' ओळीत १८.९ पीपीएम स्लो दिसलं, म्हणजे दिवसाला १.६३ सेकंद, ९० भागिले १.६३, पंचावन्न. सर्व्हर बसवल्याच्या तारखेशी एक-दोन दिवसांच्या फरकाने जुळलं. त्या पंचावन्न दिवसांचे लॉग मात्र चुकीच्या वेळेचे आहेत आणि ते आता बदलता येत नाहीत, बदलूही नयेत. सर्ट-इनला लॉग १८० दिवसांचे लागतात, तेव्हा ऑडिटर ते उघडणार. म्हणून त्यांच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहून घेतलं: दुरुस्तीची तारीख आणि वेळ, आधीचा फरक, आणि रोजची घट १.६३ सेकंद. विसाव्या दिवसाची नोंद दुसऱ्या मशीनशी ताडायची असेल तर तिच्यात ३३ सेकंद मिळवायचे, चाळिसाव्या दिवशी ६५.